तबकडीवरची ‘शीळ’

ग्रंथाला जशी जन्मपत्रिका असते तशी ध्वनिमुद्रिकेलाही असते. परंतु मराठी समीक्षकाने ती मांडल्याचे क्वचितच आढळते. इंग्लंडात याच्या उलट प्रकार आहे. ‘बीटल्स’ या चौकडीची ‘लव्ह मी डू’ ही तबकडी ५ ऑक्टोबर १९६२ रोजी बाहेर पडली. तिच्यासाठी त्याच वर्षी ६ जून, ४ सप्टेंबर व ११ सप्टेंबर असे तीनदा ध्वनिमुद्रण झाले आणि तिन्ही वेळा ड्रमवर निराळा वादक होता, हे तिकडील अभ्यासकांनी टिपून ठेविले आहे. जेमतेम अडीच मिनिटांच्या गाण्याची एवढी चौकशी! प्रथमदर्शनी हे वेड वाटेल; पण या चौकशीमुळेच कोणत्या प्रतीत कोणाचा हात वाजतो हे रसिकास पारखता येते.

आपल्याकडे अशा चौकशीस पात्र कृती कोणती, असे कोणी विचारल्यास आम्ही ‘शीळ’ पुढे करू. बुलढाणा जिल्ह्यात मेहकर येथे वकिली करणारे ना. घ. देशपांडे यांची ही कविता. तिला चाल लावून ती गायिली जी. एन. जोशी यांनी, तेही कायद्याचेच पदवीधर. १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने तिची तबकडी काढली. कवीचा ‘शीळ’ हा संग्रह मात्र निघाला १९५४ साली. म्हणजे सुमारे दोन दशके या कवीला ग्रंथ नव्हता, पण श्रोते होते. संग्रहाच्या सालावरून कवीचा काळ ठरविणाऱ्यास हा श्रोतृवर्ग दिसतच नाही. तबकडी ही कवितेची जाहिरात नव्हे, ती कवितेची आवृत्ती होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आवृत्ती म्हटली की तिचे गुणदोषही पाहिले पाहिजेत. १९२५ पूर्वी गायकास कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून आवाज फेकावा लागे. विजेच्या ध्वनिमुद्रणाने मायक्रोफोन आला आणि हळुवार, जवळून बोलल्यासारखे गाणे शक्य झाले. भावगीत हे या यंत्राचेच अपत्य आहे. शब्द स्पष्ट ठेवावेत, तानांनी ते झाकू नयेत, हा त्याचा धर्म मैफलीच्या दिवाणखान्यात सिद्ध झाला नसता. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची; मुद्रण मेणावर, त्यामुळे एक चूक झाली की गाणे पुन्हा पहिल्यापासून. या सक्तीने गायकास पाल्हाळ वर्ज्य झाला, आणि लहान कवितेस तिच्या मापाचे घर मिळाले.

जोशींचा मोठेपणा आम्हांस आणखी एका गोष्टीत दिसतो. कविता आहे खेड्यातील एका स्त्रीच्या तोंडची, आणि गाणारा पुरुष. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रास यात नवल नव्हते. परंतु येथे वेष नाही, अभिनय नाही. गायक नायिका होऊ पाहत नाही. तो तिचे शब्द, त्यांतील ग्रामीण उच्चारांसह, जपून आपल्यापर्यंत आणतो. तथापि एक उणीव सांगितलीच पाहिजे. अवेळी साद घालणाऱ्या प्रियकरावर नायिकेची जी लटकी तक्रार आहे, ती मूळ कवितेत खट्याळ आहे. चालीत मात्र हुरहूर वरचढ होते आणि खट्याळपणा मागे पडतो. शिवाय एकदा ऐकलेली चाल कानांतून जात नाही; आज ही कविता मुकाट्याने वाचणे जवळजवळ अशक्य झाले आहे. तबकडीने कवितेस श्रोते दिले, पण वाचनाचे स्वातंत्र्य काही अंशी हिरावून घेतले.

आम्ही हे अभनपुराहून लिहीत आहोत. ती तबकडी निघाली तेव्हा मेहकर आणि अभनपुर ही दोन्ही गावे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या एकाच कारभाराखाली होती. १९५६ साली त्यांचे मार्ग वेगळे झाले. त्या काळच्या तबकड्यांत चपडा असे, आणि चपडा होतो लाखेचा. कुसुम व पळस यांच्या फांद्यांवर वाढणारी ही लाख छत्तीसगडाच्या वनांचे जुने उत्पन्न आहे. ज्या मुलखात आपण परके म्हणून बदलीची वाट पाहतो, त्याच्यासारख्या रानांतील लाखेवर आपल्या भाषेचे स्वर कोरले गेले, ही जाणीव परमुलखातील मराठी माणसास थोडा धीर देईल.

पण चपडा ठिसूळ असतो. बदलीच्या सामानात पुस्तक दुमडते, तबकडी फुटते. वाचकांपैकी कोणाच्या वडिलोपार्जित पेटीत अशा तबकड्या असतील, तर त्या रद्दीवाल्यास देण्यापूर्वी निदान लेबलावरील मजकूर व क्रमांक उतरून ठेवावा. इंग्लंडातील अभ्यासकांनी तीन ड्रमवाल्यांचा हिशेब ठेविला. आपल्या ‘शीळे’मागे पेटी कोणी वाजविली, तबला कोणाचा होता, एवढे तरी पुढच्या पिढीस विचारता यावे.