पातळ पुस्तकांचा उंबरठा

प्रेमकथेची पातळ कादंबरी हा आपल्याकडे चर्चेचा विषय होत नाही. ती वाचली जाते, उशीखाली ठेवली जाते, मैत्रिणीच्या हाती दिली जाते. पण तिच्यावर कुणी लिहीत नाही. समीक्षक तिला रंजनपर म्हणून बाजूला सारतात. मोहल्ल्यातले बुजुर्ग तिला वेळेची नासाडी म्हणतात आणि आपले पुरोगामी मित्रही नेमके तेच म्हणतात. या दोघांचे एकमत व्हावे असे विषय आपल्या समाजात फार थोडे आहेत. म्हणूनच हे एकमत एकदा तपासून पाहावे असे आम्हाला वाटले.

आम्ही वडाळ्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. इथे एका बाजूला विठ्ठल मंदिरासमोर आषाढीला रांग लागते, तर दुसऱ्या बाजूला अँटॉप हिलवर शेख मिस्रींच्या दर्ग्यात जुमेरातची गर्दी असते. आमची मुले घरात उर्दू बोलतात, गल्लीत बंबईया हिंदी बोलतात आणि दुकानात व बसमध्ये गरजेपुरते मराठी बोलतात. एकदा नववीतल्या एका मुलीच्या दप्तरात दिल्लीहून निघणारे बायकांचे एक उर्दू डायजेस्ट सापडले. रिवाजाप्रमाणे ते जप्त झाले. मधल्या सुट्टीत आम्ही ते चाळायला घेतले आणि घंटा झाली तरी खाली ठेवले नाही. परत देताना आम्ही तिला सहज विचारले, यातली कुठली कथा आवडली? तिने कथेचे नाव सांगितले नाही, लेखिकेचे सांगितले. शिवाय तिच्यासारख्या आणखी तिघींची नावे सांगून कुणाचे संवाद चांगले आणि कुणाचा शेवट नेहमी घाईचा, हेही सांगितले. पाठ्यपुस्तकातल्या धड्याचा लेखक विचारला की हीच मुलगी छताकडे बघते!

त्या दिवशी आमच्या लक्षात आले की लेखक ओळखण्याची तालीम या मुलीला शाळेबाहेर मिळाली होती, आणि ती अशा पुस्तकांतून मिळाली होती ज्यांना आम्ही पुस्तके मानत नव्हतो.

उर्दू डायजेस्टांची अनुक्रमणिका पाहण्यासारखी असते. अफसाना, नाविलट, मुकम्मल नाविल, किस्तवार नाविल अशी तिची विभागणी लांबीवरून केलेली असते. वाचणारीला आधीच कळते की अफसाना भात शिजेपर्यंत संपेल, नाविलट दुपारच्या निवांत वेळात होईल, आणि किस्तवारसाठी महिनाभर थांबावे लागेल. यातला नाविलट म्हणजे आपल्या मराठीतली दीर्घकथा किंवा लघुकादंबरी. अनोळखी लेखिकेला पारखण्यासाठी यासारखे माप नाही. अफसान्यात लेखिका नीट दिसण्याआधीच निघून जाते. पाचशे पानांच्या कादंबरीत तिच्यावर आधी विश्वास टाकावा लागतो. नाविलटात मात्र एका दुपारच्या मोबदल्यात एका लेखिकेची ओळख होते. नाही आवडली, तर एक दुपारच गेली.

मराठीत हे काम दिवाळी अंकांनी केले. एका अंकात एक संपूर्ण कादंबरी देण्याची प्रथा कित्येक वर्षे चालली, आणि कितीतरी घरांत लेखकाचे नाव पहिल्यांदा असेच पोहोचले. चंद्रकांत काकोडकर हे त्यातले ठळक नाव. 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’वर अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 मध्ये काकोडकर निर्दोष सुटले. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वर आधारलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट देशभर गाजला. ज्या लेखकासाठी देशातले सर्वांत मोठे न्यायालय बसले आणि सिनेमाघरांबाहेर रांगा लागल्या, त्याच्यासाठी मराठी समीक्षेला चार पाने सापडू नयेत, याचे नवल वाटते.

यावर कुणी म्हणेल की लोकप्रियता ही गुणवत्ता नव्हे. हे आम्हाला मान्य आहे. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. असले पुस्तक वाचकाला पुढे कुठे नेते, की तिथेच बसवून ठेवते?

पुढे नेण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे इस्मत चुगताई. त्यांच्याविषयी आम्हाला थोडी आपुलकी अधिक, कारण त्या स्वतः अध्यापनाचे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिका होत्या, आणि 1940 च्या दशकात मुंबईत आल्या त्या शाळा तपासनीस म्हणून. 1941 ची ‘जिद्दी’ ही त्यांची पातळशी प्रेमकादंबरी. श्रीमंत घरचा पूरन आणि त्याच घरातल्या म्हाताऱ्या दाईची नात आशा. एवढे सांगितले की उरलेली गोष्ट वाचकाला आपोआप कळते असे वाटते. सुरुवातीची चेष्टामस्करी, भावजयांचे टोमणे आणि घरातली वर्दळ यांत वाचक निर्धास्त होतो. मग हळूहळू लक्षात येते की ज्या घराची ऊब आपल्याला आवडली, तेच घर या दोघांचा जीव घेणार आहे. शहीद लतीफ यांनी 1948 मध्ये यावर चित्रपट काढला, देव आनंद आणि कामिनी कौशल यांना घेऊन, तेव्हा शेवट गोड केला. कादंबरीत तो गोड नाही. दोन्ही शेवट शेजारी ठेवून पाहावेत. चित्रपट प्रेक्षकाला सुखरूप घरी पाठवतो. कादंबरी मात्र वाचकाला त्याच्या स्वतःच्या घराकडे संशयाने बघायला लावते. ‘जिद्दी’ संपल्यावर वाचक इस्मतच्या पुढच्या पुस्तकाकडे वळतो, आणि मग ‘टेढी लकीर’ची जाडी त्याला भिववत नाही. कुर्रतुल ऐन हैदर यांचेही तसेच आहे. ‘आग का दरिया’ (1959) हातात घेऊन परत ठेवणारे आम्ही कित्येक पाहिले. ‘चाय के बाग’सारख्या त्यांच्या नाविलटातून आत शिरलेले मात्र सहसा परत फिरले नाहीत.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. 2014 मध्ये ‘झिंदगी’ ही वाहिनी सुरू झाली आणि उमेरा अहमद यांच्या ‘झिंदगी गुलजार है’वरची मालिका आपल्याकडे घरोघरी पाहिली गेली. 2016 मध्ये वाहिनीने पाकिस्तानी मालिका बंद केल्या, पण तोवर आमच्या मुलींनी मूळ कादंबरी शोधून काढली होती. आता ती मोबाइलवर एकीकडून दुसरीकडे जाते. पुस्तक लहान आहे. कशफ आणि जारून यांच्या रोजनिशीची पाने आलटून पालटून येतात. एकच प्रसंग दोघांच्या नजरेतून दिसतो, आणि दोघेही आपापल्या परीने चुकलेले असतात. या युक्तीमुळे पंधरा वर्षांच्या वाचकालाही कळते की सांगणाऱ्याचे सारेच खरे धरायचे नसते. हे आम्ही वर्गात फळ्यावर लिहून शिकवतो, तरी ते डोक्यात शिरत नाही.

कशफच्या बापाने मुलगा हवा म्हणून दुसरा संसार मांडला आहे. आई कमावते आणि मुलींना शिकवते. कशफ स्पर्धा परीक्षा देऊन अधिकारी होते. आमच्या मुलींच्या ध्यानात राहते ती ही परीक्षा. पण टीकाकार म्हणून आम्हाला इथेच थांबता येत नाही. या कादंबरीत बाईचे चारित्र्य तिच्या कपड्यांवरून आणि मित्रांवरून मोजले जाते. मोकळी वागणारी मुलगी उथळ ठरते आणि सोसणारीला शेवटी श्रीमंत नवऱ्याच्या रूपाने बक्षीस मिळते. कशफचा राग हा या पुस्तकाचा प्राण आहे. लेखिकेने शेवटी त्या रागालाच दोष म्हणून दाखवले. वाचकाला मिळणारा दिलासा खरा आहे, पण त्याची किंमत कशफने मोजली आहे.

हे आम्ही वर्गात बोललो तेव्हा मुली आमच्याशी भांडल्या. पाठ्यपुस्तकावरून आमच्याशी आजवर कुणी भांडले नव्हते.

या प्रकाराचा मोठा धोकाही सांगितला पाहिजे. साचा हा त्याचा रोग आहे. भांडण, गैरसमज, आजारपण, निकाह, की संपले. इंग्रजीत 1908 साली सुरू झालेल्या मिल्स अँड बूनने या साच्याचा कारखानाच उभा केला, आणि तिथे वाचक लेखिकेचे नाव न बघता पुस्तक उचलतो. म्हणून आम्ही स्वतःसाठी एक कसोटी ठरवली आहे. पुस्तक संपल्यावर वाचक ‘अशीच आणखी एक गोष्ट आहे का’ असे विचारतो, की ‘हिचे आणखी काय आहे’ असे? पहिल्या प्रश्नात त्याला प्रकार सापडला आहे. दुसऱ्यात लेखक सापडला. साच्यातही लेखक दिसतो, पण तो नायक-नायिकेच्या भेटीत दिसत नाही. साचा जिथे सैल पडतो तिथे दिसतो. स्वयंपाकघराच्या वर्णनात, उधार आणलेल्या साखरेत, सासूच्या एखाद्या अर्धवट वाक्यात. मुखपृष्ठावरचे नाव बदलले तरी जे पुस्तक तसेच राहते, त्यात लेखक नव्हताच असे समजावे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. 2020 च्या कायद्याने मराठी सर्व माध्यमांच्या शाळांत सक्तीची झाली. आमच्या शाळांत ती आधीपासून शिकवली जातच होती. पण मराठीचा पेपर संपला की आमची मुले मराठी पुस्तक पुन्हा हातात घेत नाहीत. भाषा परीक्षेपुरती येते, साहित्य येत नाही. बी.एड.ला आम्ही घोकले होते: ज्ञाताकडून अज्ञाताकडे. म्हणून एका वर्षी दहावीच्या मुलांना आम्ही व. पु. काळे यांची ‘पार्टनर’ थोडी थोडी वाचून दाखवली. श्री आणि किरणचे प्रेम, लग्न, आणि मग राहायच्या जागेचा प्रश्न. आमच्या वर्गात एका खोलीत सात-आठ जण राहणारी मुले आहेत. नव्या जोडप्याला दाराआडचा कोपरा मिळत नाही ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नाही. नावे वेगळी, सण वेगळे, पण खोली तीच. चार-पाच कठीण शब्द अडले, त्यांचे अर्थ मुलांनी अंदाजाने काढले. आणि शेवटी एका मुलाने विचारले, “सर, यांचं दुसरं आहे का?”

त्या प्रश्नाने आनंद झाला, आणि लगेच मनाला टोचलेही. कारण पुढचा प्रश्न आम्हाला दिसत होता. हेच, पण आपल्या घरातले, मराठीत आहे का? अम्मी, खाला, मंगनी, ईदची खरेदी आणि रमजानमधली सेहरीची धांदल असलेली एखादी पातळ प्रेमकादंबरी?

आमच्या हाताला हमीद दलवाईंची ‘इंधन’ (1965) लागली. तीही लघुकादंबरीच, मुंबईहून पंधरा वर्षांनी कोकणातल्या गावी परतलेल्या आजारी माणसाची. मराठीतल्या चांगल्या लघुकादंबऱ्यांत आम्ही तिला बिनदिक्कत बसवू. पण तिच्यात दोन माणसांची जवळीक गावाच्या आगीला इंधन होते. त्यानंतर आपल्या चळवळीने 1990 च्या सोलापूरच्या संमेलनापासून पुष्कळ लिहिले: दंगल, तलाक, दारिद्र्य, संशय. ते लिहिणे गरजेचे होते आणि आजही आहे. पण परिणाम असा झाला की मराठी पुस्तकात मुस्लिम घराचे दार उघडले की आत एखादा प्रश्नच बसलेला दिसतो. त्या घरात कुणी चहा गाळताना लाजत नाही, कुणी गच्चीवर वाळत घातलेल्या दुपट्ट्याआडून हसत नाही. आपण मराठी वाचकाला आपली जखम दाखवली. आपले अंगण दाखवायचे राहिले. ज्याचे फक्त दुःख माहीत आहे त्याची कीव करता येते, शेजार करता येत नाही.

हलकेफुलके लिहिणे म्हणजे चळवळीशी बेइमानी, अशी एक भीती आपल्या लेखकांच्या मनात आहे. ती त्यांनी सोडावी. राजिंदर सिंह बेदी आमच्या शेजारच्या माटुंग्यात राहत. त्यांची ‘एक चादर मैली सी’ (1962) ही पातळच कादंबरी, आणि 1965 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिलाच मिळाला. पानांची संख्या म्हणजे उंची नव्हे. आणि प्रेमाची गोष्ट सांगता सांगता हुंडा, शिक्षण, जागा, नोकरी हे सारे येतेच; ते टाळून आपल्या मोहल्ल्यात प्रेम करता येते कुणाला?

तेव्हा आमची मागणी साधी आहे. या वार्षिकात दरवर्षी एक नाविलट यावा. शंभर पानांच्या आतला, नव्या हाताचा, शक्य तर बाईच्या हाताचा, आणि भाषा अशी की नववीतल्या उर्दू माध्यमाच्या मुलीला शब्दकोशाशिवाय वाचता यावी. तो दप्तरात लपवून नेण्यासारखा असला तर फारच चांगले. आम्ही तो जप्त करू, मधल्या सुट्टीत वाचू, आणि परत देताना तिला लेखिकेचे नाव विचारू. ते तिला सांगता आले, की मराठीला एक वाचक मिळाला असे समजू.