जुन्या कागदांतील भेदवाचक शब्द

घराण्यांचीं दप्तरें छापतांना प्रत्येक कागदाच्या माथ्यावर संपादकानें एक मथळा द्यावा, ही रीत आतां सर्वमान्य झाली आहे. रीत सोयीची आहे याबद्दल आमचा वाद नाहीं. परंतु मथळा हा कागदाचा भाग नसून संपादकाचें मत असतें, आणि संग्राहक बहुधा मथळाच वाचून रुमाल बांधतात. तोडणें, मोडणें, फाळणें, वाटणें या अर्थाच्या शब्दांबाबत अशा मथळ्यांनीं जो घोटाळा चालविला आहे, तो उपेक्षणीय नाहीं. कागद तक्षिमेचा असो, फाळणीचा असो कीं फारखतीचा असो, वर पाटी एकच : 'वाटणीपत्र'.

यांत सर्वांत अधिक अन्याय फारखतीवर झाला आहे. हा शब्द आज 'फारकत' असा लिहितात व त्याचा अर्थ ताटातूट असा घेतात. अरबींत वियोगवाचक 'फुर्कत' हा शब्द आहे, तेव्हां तेंच याचें मूळ असावें असा समज होणें स्वाभाविक आहे. पण कागदांतील फारखत म्हणजे 'फारिगखती'. फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे लेख. देणें फिटलें, हिशेब चुकला, यापुढें तुमच्यावर आमचा दावा नाहीं, असें ज्याचें येणें होतें त्यानें लिहून दिलेला हा लेख होय. यांत कांहीं तुटत असेल तर तो दावा तुटतो, माणसें तुटतातच असें नाहीं. मोल्सवर्थनें आपल्या कोशांत लेखी मुक्ततेचा अर्थ दिलेलाच आहे. तो उघडून पाहण्याचे श्रम मात्र कोणी घेत नाहीं. नवराबायकोच्या बाबतींतहि हा शब्द येतो, पण तेथें त्याचा खरा जोड 'सोडचिठ्ठी' हा आहे, 'काडीमोड' नव्हे. काडीमोडींत काडी मोडण्याची क्रिया आहे, फारखतींत लेख आहे. आणि आपला संबंध लेखाशीं आहे.

म्हणून फारखत हातीं येतांच पहिला प्रश्न हा कीं, ती कोणीं कोणास दिली? 'अमुक व अमुक यांची फारकत' असा मथळा देणारा संपादक नेमकी हीच गोष्ट पुसून टाकतो, धनको कोण व ऋणको कोण हें मग कळावें कसें? आमच्याहि हातून हा प्रमाद घडलेला आहे. एका दप्तराची यादी करतांना दोन चुलतभावांमधील फारखत आम्हीं 'विभक्त झाल्याचा लेख' म्हणून नोंदविली. पुढें त्याच रुमालांत मूळ कर्जरोखा निघाला, तेव्हां कळलें कीं एकानें दुसऱ्याचें देणें फेडलें, एवढीच गोष्ट होती. आमच्या यादीवर विसंबून कोणी वंशावळ जुळविली असती, तर त्या घराण्याचा विभाग कारणावांचून एक पिढी अलीकडे आला असता.

फाळणीची स्थिति निराळी आहे. १९४७ पासून हा शब्द उच्चारतांच देशाचे तुकडे डोळ्यांपुढें येतात. महसुली कागदांत मात्र फाळणी होते ती रकमेची. गांवावर पट्टी बसली कीं ती ऐपतीच्या किंवा जमिनीच्या मानानें फाळावयाची, आणि ज्याच्या वांट्यास जें येईल तो त्याचा फाळा. येथें विभागलें जातें तें ओझें, गांव नव्हे. किंबहुना गांव एक आहे म्हणूनच फाळणी संभवते. १९०५ सालच्या बंगालच्या विभागणीस मराठींत 'वंगभंग' हें नांव रूढ झालें. भंग या शब्दांत तक्रार आहे, फाळणींत हिशेब आहे. 'गांवची फाळणी' असे शब्द पाहून गांव दुभंगला असें लिहिणाऱ्यांनीं हा भेद लक्षांत घ्यावा.

तक्षीम ही अरबींत वांटण्याची क्रिया, मराठींत त्या क्रियेचें फळ, म्हणजे हिस्सा. पाटीलकीच्या दोन तक्षिमा झाल्या म्हणजे वतन मोडलें असें नव्हे. जमीन मोजून देतां येते, हक्कांच्या रकमा निमेनिम करितां येतात. पण कागदावर नांगर आधीं कोणाचा, होळीची पोळी आधीं कोणाची, विडा कोणीं प्रथम घ्यावा, हे मान तोडून वांटतां येत नाहींत, त्यांस क्रम लावावा लागतो. म्हणूनच अशा कागदांत मानपानाचीं कलमें इतक्या बारकाईनें लिहिलेलीं आढळतात. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत विभागाचें जें लक्षण केलें आहे, त्याचाहि आशय असाच आहे : समुदायावर असलेली अनेकांची मालकी एकेका अंशावर निश्चित करणें. मालकी विभागानें नवी उत्पन्न होत नाहीं. पुढें १८६६ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें अप्पोवियर खटल्यांत हक्काचा विभाग व वस्तूचा विभाग वेगळे मानले. जमीन सामाईक राहूनहि बंधु विभक्त असूं शकतात, हें वाटणीपत्राचा शोध करणारास विसरून चालत नाहीं.

बाकीच्या शब्दांविषयीं थोडक्यांत. 'तोडून दिला' याचा अर्थ पुष्कळदां नेमून दिला एवढाच असतो. खंडणी ही 'खंडणें' या तोडणेंवाचक धातूपासून आली खरी, पण तींत खंडला जातो तो आंकडा. लढाईंत 'मोड' झाली म्हणजे फौज उधळली. तिचा नाश झाला असें समजूं नये, कारण मोडलेली फौज पुन्हा जमते. शाहू व संभाजी यांच्यांत १७३१ सालीं राज्याची सीमा ठरली, तुंगभद्रेपलीकडील मुलखाबद्दल निमेनिम असा करार झाला, तरी तो प्रसंग आपण वारणेचा तह या नांवानेंच ओळखतों.

आमची सूचना एवढीच कीं, मथळ्यांत कागदाचाच शब्द ठेवावा व अर्थ टीपेंत द्यावा. आणि संग्राहकांस एक विनंती : फेडलेलें खत फाडून परत करण्याची चाल होती. तेव्हां माथ्याशीं फाटलेलें खत मिळाल्यास ती फाट काळानें पाडली असें धरून लगेच चिकटवूं नये; आधीं त्या रुमालांत फारखत आहे कीं काय तें पहावें.