‘घरच्यांचा आधार’ : एका सज्जन वाक्याची चिकित्सा

आज आपण एकच वाक्य तपासायला घेणार आहोत. सुईने नशा करणारी आणि त्यामुळे एचआयव्हीच्या तोंडाशी उभी असलेली माणसे हा विषय निघाला, की ते कानावर येतंच: ‘शेवटी घरच्यांचा आधार हवा.’ वाक्य इतकं सज्जन आहे की त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. म्हणूनच आपण विचारू. आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं? घरचे म्हणजे कोण? आणि त्यांना कोणाचा आधार?

हवेत बोलायला नको, मणिपूरकडे बघू. १९८० च्या दशकात म्यानमारच्या सीमेवरून तिथे हेरॉइन येऊ लागलं. लोक त्याला ‘नंबर फोर’ म्हणतात. सिरिंज मिळणं अवघड, जवळ बाळगणं धोक्याचं, म्हणून एकच सिरिंज चारचौघांत फिरायची. १९८९-९० च्या सुमारास तिथे एचआयव्ही आढळला आणि काही महिन्यांतच, तपासलेल्या सुईने नशा करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे बाधित निघाले.

घरच्यांनी तेव्हा काय केलं? अनेक आईवडिलांनी आपल्या मुलाला स्वतःहून पोलिसांच्या हवाली केलं. निदान तुरुंगात तरी जिवंत राहील, ही आशा. याला निष्ठुरपणा म्हणायची आमची तयारी नाही. ती मायाच होती. पण मायेला शरीराचे नियम माहीत असतातच असं नाही. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची ती पेलण्याची ताकद उतरते. सुटून आलेला मुलगा जुन्याच मापाने सुई घेतो, श्वास मंदावतो आणि थांबतो. कोंडून ठेवून वाचवायला गेलेलं घर त्याला नकळत जास्त मोठ्या धोक्यात लोटतं.

इथे पहिला भेद करायला हवा, आधार आणि पहारा यांतला. दोन्ही प्रेमातून येतात, दोन्ही रात्र रात्र जागवतात. पण पहाऱ्याचं लक्ष नशेवर असतं आणि आधाराचं माणसावर. ब्युप्रेनॉर्फिनचं उदाहरण घ्या. ही जिभेखाली ठेवायची गोळी. ती नियमित घेतली तर तलफ आणि अंगदुखी आटोक्यात राहते, सुईची गरज कमी होते, माणूस कामाला जाऊ शकतो. घरचे म्हणतात, ‘एक नशा सोडून दुसरी धरली.’ त्यांना ‘पूर्ण बंद’ हवं असतं. जिवंत असणं, बाधा न होणं, न देणं या मधल्या पायऱ्या त्यांच्या हिशेबात येत नाहीत. हा दोष त्यांचा नाही. या पायऱ्यांनाही यश म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मणिपूर सरकारने १९९६ मध्येच एड्सविषयक धोरण आखून सुया बदलून देण्यासारख्या उपायांना जागा दिली. धोरण पुढे गेलं, घर मागे राहिलं. कारण धोरणाने घराशी बोलणं हे आपलं काम मानलं नाही.

आता दुसरा प्रश्न: घरचे म्हणजे कोण? व्याकरणात हा अनेकवचनी शब्द आहे. व्यवहारात तो बहुतेक वेळा एकवचनी आणि स्त्रीलिंगी असतो. आई, नाहीतर बायको. २००० साली प्रसिद्ध झालेल्या मणिपूरमधल्या एका अभ्यासात, सुईने नशा करणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषांच्या पत्नींपैकी ४५ टक्के स्वतः बाधित आढळल्या. म्हणजे जिच्याकडून आपण आधाराची अपेक्षा करतो, तीच पुष्कळदा पुढची रुग्ण असते. आणि समुपदेशनात तिला विचारलं काय जातं? ‘हे गोळ्या वेळेवर घेतात ना?’ तिची तपासणी, तिचे औषध, नको म्हणण्याचा तिचा अधिकार, हे तळटीपेत.

इव्हा किट्टे या तत्त्वज्ञ बाईंनी १९९९ च्या ‘लव्ह्ज लेबर’ या ग्रंथात एक तत्त्व मांडलं. जो दुसऱ्याची काळजी वाहतो, त्याची काळजी वाहणं हे समाजाचं कर्तव्य आहे. बाळंतिणीची सेवा करणाऱ्या बाईवरून त्यांनी ते सुचवलं. आपल्याला हे परकं वाटायला नको. पहिलं बाळंतपण माहेरी, यामागचं शहाणपण हेच: बाळाला आईने बघावं, आणि आईला कोणीतरी बघावं. प्रश्न असा, की व्यसनी नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईचं माहेर कुठलं? पुण्याच्या मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालतो. तिथे तिने स्वतःविषयी बोलायचं असतं, नवऱ्याचा अहवाल द्यायचा नसतो. फरक लहान वाटतो, पण आमच्या मते सगळा मुद्दा त्यात आहे.

कोणी म्हणेल, ‘सर, तुम्ही कुटुंबाच्या विरोधात बोलताय.’ नाही. एचआयव्हीची औषधे जन्मभर, रोज घ्यायची असतात. ती नीट घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत न सापडण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून बाधा होत नाही. अशा शिस्तीला घरातला एक माणूस सोबत असणं किती मोलाचं, हे मान्यच. आमचा आक्षेप कुटुंबाला नुसतं साधन मानण्यावर आहे. सरकारने दवाखाना उभारायचा नाही, समुपदेशक नेमायचा नाही, आणि ‘संस्कृती’ म्हणून ते ओझं बिनपगारी आईच्या डोक्यावर ठेवायचं, यावर आहे.

आणि ज्याला घरच नाही त्याचं काय? मुंबईत पुलाखाली, फलाटाच्या कडेला सुई घेणाऱ्याला ‘नातेवाईक घेऊन या’ म्हणणं म्हणजे दार लावून घेणंच. इम्फाळमध्ये पूर्वी स्वतः नशा केलेल्या माणसांनी एकत्र येऊन ‘सासो’ ही संस्था उभी केली. रक्ताचं नातं नव्हतं. पण त्या अनुभवाची लाज नव्हती आणि माहिती होती. तेही घरच.

आपल्या कायद्याला हे थोडंफार कळलंय. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात एक तरतूद आहे: एचआयव्हीबाधित कुटुंबाचा कारभार सांभाळणारं, पुरेशी समज असलेलं बारा वर्षांवरचं भावंड धाकट्यांचं पालक म्हणून काम करू शकतं. ही तरतूद शांतपणे वाचा. काही घरांत ‘घरचे’ म्हणजे बारा वर्षांचं पोर उरतं, हे संसदेने लिहून ठेवलं आहे.

तेव्हा यापुढे ते सज्जन वाक्य ऐकलं, की तीन गोष्टी विचारा. घरच्यांना सांगण्याआधी त्या माणसाची संमती घेतली का? घरातल्या बाईसाठी, तिच्या नावाने, वेगळी वेळ आणि वेगळी खुर्ची आहे का? आणि घर थकलं, किंवा नाही म्हणालं, तर उपचार चालू राहणार का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तिथे आधाराची योजनाच नाही. जबाबदारी झटकून मोकळं होणं आहे.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न.