लग्नपत्रिका आणि व्हेटो

मुलांना हुकूमशाही शिकवायची म्हटली की आपण थेट हिटलरकडे जातो. शीतयुद्ध म्हटलं की बर्लिन आणि क्युबा. गोवा मुक्तीचा धडा वेगळा, १९ डिसेंबरच्या भाषणापुरता. ही विभागणीच चुकीची आहे, असं मला वाटतं.

सालाझार १९३२ ते १९६८ पोर्तुगालचा पंतप्रधान होता. त्याच्या राजवटीत गोव्यात साधी लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या मंजुरीशिवाय छापता येत नसे. हुकूमशाही म्हणजे काय, ते मुलांना इथून कळेल. पण ‘पोर्तुगीज वाईट’ एवढ्यावर थांबू नये. खुद्द लिस्बनमधले विरोधकही तुरुंगात जात होते.

आता शीतयुद्ध. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य. आपलं सैन्य गोव्यात शिरलं, तेव्हा १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत ते मागे घ्यावं असा ठराव आला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स धरून ७ मतं बाजूनं, ४ विरोधात. सोव्हिएत व्हेटोनं तो पडला. आपल्याकडे गोष्ट इथंच टाळ्यांवर संपते. पण त्याच सोव्हिएत संघानं १९५६ मध्ये हंगेरीत रणगाडे घुसवले आणि त्याविरुद्धचा ठरावही व्हेटोनंच अडवला.

स्वातंत्र्याची भाषा बोलणारे हुकूमशहाच्या बाजूला, आणि स्वतःच्या घरात हुकूमशाही असलेले आपल्या बाजूला! हे कोडं मुलांपुढे ठेवा. उत्तर सांगायची घाई करू नका.

कुणाच्या घरी त्या काळची लग्नपत्रिका असेल, तर ती वर्गात न्या. सुरुवात तिथूनच करा.