अर्ध्या घटकेतील पात्रनिर्मिती

कादंबरीकाराला पात्र घडविण्यासाठी वर्षे मिळतात. नाटककाराच्या पात्राला निदान तालमींचा अवधी लाभतो. भूमिकाखेळात भाग घेणाऱ्याला मात्र चारपाच सोबत्यांसमवेत टेबलाशी बसून अर्ध्या घटकेत एक माणूस उभा करावा लागतो, आणि पुढे कित्येक तास, क्वचित कित्येक महिने, त्याच्याच तोंडाने बोलावे लागते. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. इतर आपापले पात्र काय करील ते सांगतात. जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. लिखित संहिता नसते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराला रूढ स्वरूप आले. मराठी समीक्षेने त्याची दखल घेण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणी करील. कारण हेच की, पात्र विश्वसनीय कशाने होते, हा समीक्षेचा जुना प्रश्न येथे काळाच्या ताणाखाली उघडा पडतो.

१९७४ च्या त्या खेळात तीन फासे सहा वेळा टाकून पात्राचे बळ, बुद्धी, शहाणपण, प्रकृती, चपळाई आणि प्रभाव ठरत असे. प्रत्येक आकडा तीन ते अठरा यांमधला. बळ सोळा, बुद्धी नऊ, एवढ्यावरून पैलवान कळतो. माणूस कळत नाही. आकड्यांचा हा उणेपणा पुढे विशेषणांनी भरून काढण्याचा यत्न झाला. याच खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत खेळाडूने पात्राचा स्वभावविशेष, ध्येय, बंध आणि दोष लिहावयाचा असतो, व ते न सुचल्यास निवडण्यासाठी तयार कोष्टके दिलेली आहेत. परंतु ‘मानी’, ‘करारी’, ‘हळवा’ ही विशेषणे तरी आकड्यांहून किती निराळी? (मराठी कादंबरीतील नायकाची पहिल्या प्रकरणात होणारी ओळख आठवल्यास हा दोष केवळ खेळाडूंचा नव्हे, हे ध्यानात येईल.) त्या चार रकान्यांपैकी खरे काम करतो तो बंध, कारण तो एकटाच पात्राच्या बाहेर, दुसऱ्या कोणाकडे तरी बोट दाखवितो.

याहून विचारणीय युक्ती मार्क मिलर यांच्या १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळात आढळते. तेथे पात्र अठराव्या वर्षी एखाद्या सेवेसाठी अर्ज करते. फासे प्रतिकूल पडले तर अर्ज नाकारला जातो, आणि सक्तीच्या भरतीत जी सेवा वाट्याला येईल तिच्यात जावे लागते. पुढे चारचार वर्षांच्या मुदती; प्रत्येक मुदतीत जिवंत राहण्याची कसोटी. मूळ नियमांप्रमाणे खेळ सुरू होण्यापूर्वीच पात्र मरूही शकते. हसू यावे असा हा नियम आहे, पण त्यामागची दृष्टी पक्की आहे. नौदलात जाऊ पाहणारा मनुष्य पायदळात पडतो, चोवीस वर्षे काढून बेचाळिसाव्या वर्षी बाहेर येतो, आणि खेळाडूला प्रश्न पडतो की हा इतकी वर्षे तेथे का राहिला. स्वतः न निवडलेल्या गोष्टींचा अर्थ लावीत बसणे हे मनुष्यजीवनाचे लक्षणच असल्यामुळे, असे पात्र जन्मतःच ओळखीचे वाटते. घरून दहा पाने जीवनकथा लिहून आणणाऱ्याचे पदच्युत राजपुत्र सहसा ओळखीचे वाटत नाहीत. ती कथा त्याची खासगी मालमत्ता असते. टेबलाशी बसलेल्या इतरांना तिचा पत्ता नसतो.

वेगाचा प्रश्न आपल्याकडे दशावताराने केव्हाच सोडविलेला आहे. सिंधुदुर्गातील आणि गोव्यातील दशावतारी नटाजवळ छापील संवाद नसतात. आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात आणि तो रंगभूमीवर उभा राहून बोलू लागतो. हे त्याला साधते, कारण त्याच्या पात्राचा मोठा भाग प्रेक्षकांच्या मनात आधीच सिद्ध असतो. धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित, धीरप्रशांत हे संस्कृत नाट्यशास्त्राचे नायकभेदही या अर्थी केवळ वर्गीकरण नव्हेत. ती सामाईक पुंजी आहे. ठरावीक साच्यात नटाने एखादी अनपेक्षित हळवी जागा घेतली की त्या रात्रीचा दुर्योधन त्याचा स्वतःचा होतो. भूमिकाखेळातील खेळाडूजवळ पुराण नसते. म्हणून त्याने प्रथम सर्वांना ठाऊक असलेला साचा निःसंकोच उचलावा. साच्याची लाज बाळगणे हीच नवख्याची चूक होय.

समजा, गडावरचा एक पहारेकरी आहे. एवढे म्हणताच अर्धे चित्र तयार होते. एका रात्री त्याने दरवाजा उघडला. कोणासाठी, हे तो सांगत नाही. आणि सोबत्यांपैकी एकाला ते माहीत आहे. त्याचे बालपण, आवडीनिवडी, चेहरा यांची वाच्यता झालेली नाही, तरीही पुढच्या प्रत्येक बंद दारापाशी त्याचे वागणे महत्त्वाचे ठरते. शिवाय दुसऱ्या खेळाडूचे पात्रही त्याच वाक्यात निम्मे घडून गेले.

अनुवादकाला येथे शब्दांचीही मदत होते. इंग्रजी ‘कॅरॅक्टर’चे मूळ ज्या ग्रीक शब्दात आहे त्याचा अर्थ कोरलेला ठसा, ‘पात्र’ म्हणजे भांडे. कादंबरीची समीक्षा बहुधा ठसा शोधीत असते आणि माहितीच्या विपुलतेलाच खोली समजते. खेळातील पात्र मात्र रिकामेपणी टेबलावर येते व इतरांच्या प्रतिसादाने भरत जाते.

मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची १९८४ पासून प्रसिद्ध झालेली ‘ड्रॅगनलान्स’ कादंबरीमाला अशाच खेळाशी निगडित आहे. तिच्यातील रेस्टलिन या मांत्रिकाची भूमिका करणाऱ्या खेळाडूने एका प्रश्नाला घोगऱ्या, कुजबुजत्या स्वरात उत्तर दिले. तो स्वर कोणत्याही रकान्यात लिहिलेला नव्हता. कादंबरीकारांनी तो तसाच ठेवला, आणि मालेतील इतर पात्रांची सविस्तर वर्णने विसरलेल्या वाचकालाही तो ऐकू येत राहतो.