धुणं परवडत नसेल बिचाऱ्यांना

मेघना गुप्ता यांची ‘अनरॅव्हल’ ही डॉक्युमेंटरी २०१२ची, जेमतेम चौदा मिनिटांची. पाश्चात्त्य देशांत टाकून दिलेले कपडे गाठोड्यांनी कांडला बंदरात उतरतात आणि तिथून पानिपतला पोचतात. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ आठवतं. जुन्या कपड्यांच्या व्यापारात ते सूत काढणारं गाव आहे. बायका बटणं, चेन, अस्तरं कापून काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात. मग यंत्रं कपडे पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्यातून स्वस्त ब्लँकेटं होतात.

फिल्मचा जीव या बायकांच्या गप्पांत आहे. इतके धड कपडे लोक टाकतात तरी का? त्यांचा एक तर्क असा, की तिकडे पाणी महाग असणार, धुणं परवडत नसेल. आपण हसतो. पण एका सुती टी-शर्टमागे, कापसाच्या शेतापासून मोजलं तर, सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज नेहमी दिला जातो. म्हणजे पाण्याशी संबंध आहेच. फक्त ते धुण्यात नाही, कापड होतानाच गेलेलं असतं, आणि किमतीच्या लेबलवर ते दिसत नाही.

गुप्ता या बायकांना बिचाऱ्या करत नाहीत. बिचारे ठरतात ते कपडे फेकणारे. मला फिल्मची सगळ्यात मोठी ताकद हीच वाटते.

त्यांची पारखी नजर आपल्या ओळखीची आहे. दारावर येणारी बोहारीण साडी उजेडात धरायची, कुठे विरली ते बघायची आणि मगच पातेलं द्यायचं की वाटी ते ठरवायची. त्या घासाघिशीत जुन्या कापडालाही किंमत होती. विरलेल्या लुगड्याची गोधडी व्हायची. पॉलिएस्टर-लायक्राच्या टॉपची ऊबदार गोधडी होत नाही आणि त्यातले मिसळलेले धागे यंत्रालाही सहज वेगळे करता येत नाहीत.

माझी तक्रार एकच. फिल्मने कपडे टाकणारा माणूस ‘तिकडे’ ठेवला. आज सेलच्या रात्री फोनवर कार्ट भरणारे आपणही ‘तिकडचे’च. मी सॉफ्टवेअर लिहितो. ‘आवडलं’ आणि ‘घेतलं’ यांतले टप्पे कमी करणं हे आमच्या धंद्यात चांगलं काम समजतात. बोहारीण उंबऱ्याशी बसून जो वेळ घ्यायची, तोच आम्ही काढून टाकला.

‘जुनं रिसायकल होईल की’ म्हणून निर्धास्त राहावं, तर पानिपतातच जुन्या कपड्यांच्या ब्लँकेटांना पुढे नव्या पॉलिएस्टरच्या मऊ, हलक्या ब्लँकेटांनी मागे टाकलं.

म्हणून ही फिल्म आता बघायची तर त्या बायका आपल्याबद्दलच बोलतायत असं समजून बघावी. आपल्या कपाटातला टॅगही न काढलेला कुर्ता त्यांच्या ढिगात पोचला, तर त्या काय तर्क करतील? धुणं परवडत नव्हतं, असं तर म्हणता येणार नाही.