ट्रेडर हॉर्न : आठवणींच्या पुस्तकाची शिवण

‘ट्रेडर हॉर्न’ (१९२७) वाचताना पहिला प्रश्न येतो, ‘हे खरे आहे का?’ समीक्षेने त्याआधी विचारावे, ‘हे कोणी, कसे घडवले?’

आल्फ्रेड आलॉयशियस स्मिथ (१८६१–१९३१) मूळचा लँकेशरचा. तरुणपणी हॅटन अँड कुकसन या पेढीसाठी त्याने आजच्या गॅबनमधील ओगोवे नदीवर हस्तिदंताचा व्यापार केला. म्हातारपणी जोहान्सबर्गमध्ये तो दारोदार तारेच्या जाळ्या विकत असे. तिथेच लेखिका एथेलरेडा लुईस यांची गाठ पडली. त्यांच्या आग्रहाने त्याने आठवणी लिहिल्या. जॉन गॉल्सवर्दी यांची प्रस्तावना लाभली आणि पुस्तक गाजले. १९३१ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला.

दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात लेबल कापलेले कपडे मिळतात. जाणते गिऱ्हाईक कपडा उलटून शिवण पाहते. या पुस्तकाची शिवण उघडीच आहे. प्रकरणात आधी हॉर्नचा मजकूर येतो, मग त्याचे लुईसबाईंशी झालेले बोलणे. मजकुरात हत्ती, गोरिला, बंदिवान गोरी ‘देवी’ आणि धाडसी तरुण दिसतो. बोलण्यात गरीब म्हातारा भेटतो, वाचकाला काय रुचेल याचा अंदाज घेणारा. दुसरा भाग पहिल्याची परीक्षा घेतो.

मराठीतील उदाहरण पाहा. विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी वरसईहून उत्तरेत गेले आणि १८५७ च्या बंडात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये संस्कार करून छापला. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. मधली एकोणसाठ वर्षे वाचकाला वैद्यांचा हात वेगळा दिसत नव्हता. लुईसबाईंनी निदान आपली उपस्थिती लपवली नाही.

पुढे टिम कझन्स यांनी ‘ट्रॅम्प रॉयल’ (१९९२) मध्ये हॉर्नचे चरित्र शोधून काढले. त्याच्या कथनाला बराच खरा आधार असल्याचे त्यातून दिसले. तरीही एक उणीव उरते. ज्या हस्तिदंतापासून युरोपात पियानोच्या पट्ट्या आणि बिलियर्डचे चेंडू बनले, तो मिळवणारी व वाहून आणणारी आफ्रिकी माणसे इथे फक्त हॉर्नच्या तोंडून बोलतात. या पुस्तकात आवाज दोन आहेत, पण दोन्ही बाहेरून आलेल्यांचे. म्हणून ओगोवेकाठच्या समाजाचा पुरावा म्हणून हे पुस्तक अपुरे आहे. मात्र १९२० च्या दशकातील वाचकांना कसली आफ्रिका हवी होती, याची साक्ष ते भक्कमपणे देते.